महांतप्पांच्या गळ्यातला मफलर

मी एक मफलर बोलतोय. लोकरीचा, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचा. तुम्ही म्हणाल, धाराशिव जिल्ह्यात मफलर कशाला? खरंय. आमच्याकडं थंडी पाहुण्यासारखी येते, दिवाळीनंतर टेकते आणि संक्रांतीचा तिळगूळ खाऊन निघून जाते. पण मी बाराही महिने गळ्यात असतो, भर वैशाखातसुद्धा. मला विणलं गेलं ते फुटबॉलसाठी.

माझा जन्म जळकोटला झाला, भुवनेश्वरीच्या हातांत. लग्नानंतरचा तिचा पहिलाच हिवाळा होता. तिनं नवऱ्याला विचारलं, "मफलर विणू का तुमच्यासाठी? लोकर कोणत्या रंगाची आणू?"

"हिरवी आन् पांढरी," महांतप्पा लगेच म्हणाले.

तिला वाटलं, शेतात उभ्या ज्वारीचे रंग सांगितले. मग कळलं की ते जळकोटच्या फुटबॉल संघाचे रंग आहेत. नळदुर्गच्या दुकानात हिरवी लोकर कमी पडली, म्हणून माझं एक टोक पोपटी झालंय. महांतप्पांनी मला गळ्याभोवती गुंडाळलं, आरशात पाहिलं आणि म्हणाले, "आता कसं! आता हरलो तरी ऐटीत हरू."

आणि आमचा संघ हरायचाच. जळकोटला सगळी पोरं क्रिकेट खेळतात. महांतप्पा तरुणपणी आयटीआय शिकायला कोल्हापूरला होते. तिथं पेठापेठांचे संघ, गच्च भरलेलं मैदान, झेंडे, आरडाओरडा. ते वेड घेऊनच ते गावी परतले. स्वतःला धड खेळता येत नव्हतं. म्हणून त्यांनी चार पोरं गोळा केली, उसाचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या बालाजीला कप्तान केलं आणि आपण मैदानाच्या कडेला बसून ओरडायचं काम पत्करलं.

माझं घर म्हणजे त्यांचा गळा. त्या गळ्यात केवढा आवाज होता! "बालाजीऽऽ, डावीकडं बघ की!" अशी आरोळी निघाली की माझा धागा न् धागा थरथरायचा. गावातल्या निम्म्या लोकांना फुटबॉल कळत नव्हता. ते येऊन बसायचे महांतप्पांच्या शेजारी, त्यांचं बोलणं ऐकायला. कारण चेंडू आपल्या बाजूला नसला की महांतप्पा पिक्चरवर आणि हॉटेलांवर बोलायचे.

त्यांची नोकरी हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर. सोलापूर-हैदराबाद करणारे ट्रकवाले डिझेल भरता भरता विचारायचे, "अण्णा, खाना किधर अच्छा मिलेगा?" मग महांतप्पा नळी हातात धरूनच सांगायचे. "पुढच्या ढाब्यावर जाऊ नका. तिथलं पनीर जागचं हलत न्हाय, अगदी आमच्या गोलकीपरसारखं. आन् त्याच्या पुढं निळी पाटी दिसंल, तिथं डाळ खावा. डाळीला पळायची ताकद हाय."

पिक्चर बघायला ते भुवनेश्वरीला मोटारसायकलवर बसवून सोलापूरला न्यायचे. येताना तुरीची शेतं मागं पडत असायची आणि यांचं चालूच. "हिरो पहिल्या हाफमधी एवढा पळाला, एवढा पळाला की दुसऱ्या हाफमधी त्याला उभं राहवंना. आन् व्हिलन बिचारा चांगला गडी, पर त्याला पास कुणी देईना!" मग मान मागं वळवून विचारायचे, "तुला कसा वाटला?"

"बरा होता," भुवनेश्वरी म्हणायची.

प्रत्येक पिक्चरला हेच. बरा होता. महांतप्पा मैदानावर सगळ्यांना हसून सांगायचे, "आमची बाई म्हणजे रेफरी हाय. शिट्टी तोंडात, पर वाजवत न्हाय."

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. त्यांचं मत कुणाच्या पाठीमागं नसायचं, तोंडावर असायचं. स्टँडमागं प्रेमाबाईची खानावळ आहे. तिच्या येसर आमटीवर त्यांचा जीव. पण एकदा भात गिचका झाला, तर ते भरल्या पंगतीत म्हणाले, "प्रेमाबाई, आमटीनं गोल केला आन् भातानं सेल्फ गोल." प्रेमाबाईनं त्यांचं ताट अर्ध्यातून उचललं. बरेच दिवस बोलली नाही. मग तांदळाचा दुकानदार बदलला आणि स्वतः पंपावर डबा घेऊन आली. "खा आन् सांग आता," म्हणाली. त्यांनी खाल्लं, बोटं चाटली आणि माझ्या पोपटी टोकाला तोंड पुसलं. तो हळदीचा डाग अजून आहे.

असे आमचे दिवस मजेत चालले होते. मग तुळजापूरला एक सामना झाला. पाऊस भुरभुरत होता, आमचा संघ कधी नव्हे तो बरोबरीत होता आणि महांतप्पा सुरुवातीपासून शेवटपर्यंत ओरडत होते. दुसऱ्या दिवशी आवाज बसला. तसा तो नेहमीच बसायचा आणि उठायचा. या वेळी उठेना.

ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, हळद-दूध झालं. गळ्याशी मी होतो, म्हणून सगळ्यांच्या आधी मला कळलं. पूर्वी आवाज निघायचा तेव्हा मला गुदगुल्या व्हायच्या. आता आत काहीतरी खरवडल्यासारखं वाटायचं. बोलताना ते मधेच थांबायचे, मला जरा सैल करायचे, पुन्हा सुरू व्हायचे. लोकांना वाटायचं, गोष्टीत रंग भरतायत.

भुवनेश्वरीला तसं वाटलं नाही. "उद्या सोलापूर," ती एवढंच म्हणाली. ते नको म्हणत राहिले आणि ती पिशवी भरत राहिली.

डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं. म्हणाले, "स्वरतंतूवर गाठ आलीय. काढावी लागेल आणि तपासायला पाठवावी लागेल. रिपोर्ट येईपर्यंत काही सांगता येणार नाही." मग एकदम विचारलं, "तंबाखू?"

"न्हाय," महांतप्पा खरखरत म्हणाले. "फुटबॉल."

डॉक्टर हसले. भुवनेश्वरी हसली नाही. ज्या आजाराचं नाव आमच्याकडं घरात मोठ्यानं घेत नाहीत, तो तिच्या डोळ्यांपुढं उभा होता. ऑपरेशनच्या वेळी तिनं मला घडी करून मांडीवर ठेवलं होतं. तिच्या मुठीत मी एवढा पिळला गेलो की एवढ्या वर्षांत धुतानाही कधी पिळला गेलो नव्हतो.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी बजावलं, सांगेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजसुद्धा नाही.

घरी आले आणि महांतप्पा गप्प झाले. नुसते तोंडानं नव्हे, सगळ्या अंगानं. बालाजी भेटायला आला, ढोकीच्या संघाशी सामना ठरलाय म्हणाला. यांनी मान हलवली आणि भिंतीकडं तोंड केलं. प्रेमाबाईनं आमटी पाठवली. यांनी खाल्ली, हात धुतले, आडवे झाले. मला खुंटीला टांगलं होतं. गळ्यातल्याला खुंटीवरून घर फार लांब दिसतं.

एका संध्याकाळी भुवनेश्वरीनं ज्वारीची भाकरी आणि आमटी वाढली. ते मुकाट्यानं जेवायला लागले. एक घास, दोन घास. ती समोर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत होती. भाकरी संपत आली तशी तिनं ताट ओढून घेतलं.

"आमटी अळणी हाय," ती म्हणाली. "मी मुद्दाम मीठ घातलं न्हाय. तुमी तोंड तरी वाकडं कराल म्हणून. काल पण घातलं न्हवतं. तुमाला कळलं पण न्हाय व्हय?"

महांतप्पांचे डोळे भरून आले. त्यांना चवीकडं लक्षच देता आलं नव्हतं, आणि ते सांगायला आवाजही नव्हता.

"रिपोर्टची भीती मला पण वाटतीया," भुवनेश्वरी म्हणाली. "पर ह्या घरात असं गप्प मला बसवत न्हाय. तुमी बोलू नका. आजपासून मी बोलते, तुमी ऐका."

आणि ती बोलायला लागली. मी खुंटीवर ऐकत होतो. लग्नापासून ज्या बाईनं 'बरा होता' याच्या पुढं मत दिलं नव्हतं, तिनं एकेक पिक्चर बाहेर काढला.

"तो पोलिसाचा पिक्चर तुमाला लई आवडला. तुमी त्यातल्या मारामाऱ्या मोजल्या. मला काय दिसलं सांगू? त्याची बायको घरी जेवायची थांबलीया. हा गडी गावभर माणसं बडवतोय, पर तिला एक फोन करत न्हाय. मी शेवटपतूर तिच्या काळजीत. ती जेवली का न्हाय, कुणी दाखवलंच न्हाय!"

महांतप्पांच्या ओठांचा कोपरा हलला.

"आन् दिवाळीत ज्याला तुमी डोक्यावर घेतला, त्यात मला झोप लागली हुती. आन् निळ्या पाटीची डाळ, डाळ करता ना? करपट असती. तुमाला भूक लागल्यावर नेता म्हणून ग्वाड लागती."

आता त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता हसणं किती अवघड असतं, ते त्या दिवशी मी पाहिलं. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

मग तिला आणखी एक आठवला. "एक पिक्चर हुता. नदीकाठचं घर. ती बाई शिलाई करायची. तुमी म्हणालात, ह्यात खेळच न्हाय, सगळे नुसते उभे. आन् मला इंटरवलला उठवून बाहेर आणलं. ती बाई पुढं घर सोडून गेली का न्हाय, मला अजून म्हाईत न्हाय."

महांतप्पांचं हसू थांबलं. ते उठले, खुंटीवरून मला काढलं आणि तिच्या खांद्यांवर टाकलं. थंडी मुळीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोबाईलवर तो पिक्चर शोधून काढला. मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि दोघं शेजारी शेजारी बसली. शेवटी ती बाई घर सोडून गेली नाही. भुवनेश्वरी एवढी चिडली की तिनं तांब्याच बाजूला सारला. "एवढं बघून हे? त्यापरीस इंटरवललाच उठलेलं बरं हुतं!" महांतप्पांनी मान डोलावली. उरलेली संध्याकाळ ती तो शेवट कसा असायला हवा होता ते सांगत राहिली, आणि ते ऐकत राहिले.

रिपोर्ट आला. गाठ साधी होती. डॉक्टरांनी हळूहळू बोलायला परवानगी दिली, पण बजावलं, "आवाज आता खालच्या पट्टीतच राहील. ओरडायचं मात्र कायमचं बंद. पुन्हा ओरडलात तर पुन्हा इथंच याल."

जीव वाचला याचा आनंद घरात मावत नव्हता. प्रेमाबाईनं हुग्गी, गव्हाची गोड खीर, करून आणली. पण ढोकीच्या सामन्याचा दिवस उजाडला, तेव्हा महांतप्पा बाजेवरून उठेनात. "तिथं येऊन करू काय?" ते हलक्या, फाटक्या आवाजात म्हणाले. "ओरडत न्हाय तो कसला सपोर्टर?"

भुवनेश्वरीनं मला उचललं, पदरावरून स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळलं आणि मोटारसायकलची किल्ली त्यांच्यापुढं धरली. "मला गाडी येत न्हाय," म्हणाली. "नुसतं पोचवा. मग लिंबाखाली झोपा वाटलं तर."

तुळजापूरच्या मैदानावर पहिल्या हाफमध्ये आमच्यावर दोन गोल झाले. आमची पोरं वरचेवर कडेला बघत होती. ओळखीची आरोळी येत नव्हती, पायांत जोर नव्हता. महांतप्पा माझं पोपटी टोक हातात धरून बसले होते आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. "डावीकडं. आरं डावीकडं मोकळं हाय."

तिनं ते ऐकलं. मी तिच्या गळ्यावर होतो. आधी तिचा श्वास वर आला, मग गळा दोनदा अडखळला. इतक्या माणसांत ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती. आणि मग ती उभी राहिली.

"बालाजीऽऽ! डावीकडं बघ की रं! मोकळं हाय समदं!"

सगळं मैदान वळलं. बालाजी चेंडू विसरून बघतच राहिला. "वैनी?" तो ओरडला.

"मला काय बघतुयास? चेंडू बघ!"

लोक खदखदून हसले आणि आमची पोरं पळायला लागली. ती ओरडत राहिली. काही नियम तिनं जागेवरच तयार केले. पंचाला म्हणाली, "त्यानं पायात पाय घातला, त्याला घरी पाठवा!" शेवटाकडं डाव्या बाजूनं चेंडू आला आणि बालाजीनं गोल केला. एकच. आम्ही हरलो. पण हिरवी-पांढरी पोरं मैदानातून धावत आली ती सरळ आमच्याकडं, आणि बालाजी महांतप्पांच्या पायाशी बसून म्हणाला, "अण्णा, पुढच्या वेळी वैनीला आधीपासून उभं करा."

महांतप्पा हळूच म्हणाले, "तिला सांगणारा मी कोण? तीच मला घिऊन आली."

त्याला आता बरेच दिवस झाले. मी म्हातारा झालोय. लोकरीच्या गोळ्या निघाल्यात, दोन ठिकाणी भुवनेश्वरीनं टाके घातलेत. पंपावर मी त्यांच्या गळ्यात असतो, सामन्याला तिच्या. पिक्चरहून परतताना आता रस्ताभर वाद चालतो. वाऱ्यात त्यांचं बोलणं मागं पोचत नाही, म्हणून ते गाडी कडेला थांबवतात, आपलं म्हणणं संपवतात आणि मग पुढं निघतात. घरी पोचायला उशीर होतो. दोघांनाही त्याचं काही वाटत नाही.

तुमच्याकडं माझं एक मागणं आहे. कधी जळकोटवरून जाणं झालं, भूक लागली, तर पंपावर थांबा. हिरवा-पांढरा मफलर गुंडाळलेला माणूस दिसेल. खायला कुठं जावं, त्यांना विचारा. पण त्यांचा आवाज आता गाड्यांच्या आवाजावर चढत नाही. आमच्याकडं येणारे ट्रकवाले निघता निघता सुरू केलेलं इंजिन पुन्हा बंद करतात, केबिनमधून खाली उतरतात आणि कान जवळ आणतात.

तुम्हीही तेवढं करा.