मॅचच्या दिवसाची ट्राम

मॅचला जाणारा माणूस ट्रामने जाईल का, या एका प्रश्नावरून शहराने वर्षभर आमचं डोकं खाल्लं. केस कापणाऱ्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत जो तो तज्ज्ञ. ज्यांनी जन्मात ट्रामची पायरी चढली नाही, ते मला ट्रामचं भवितव्य समजावून सांगायचे. भर बाजारपेठेत नवंकोरं स्टेडियम उभं राहिलं आणि शहाण्यांनी गाड्या लावायला जागाच ठेवली नाही. सगळं बांधून झाल्यावर मालकांना जाग आली. मॅचवाले आपापल्या गाडीनेच येणार, ते म्हणाले, तेव्हा ट्रामचा डेपो पाडा, तिथे पार्किंग करा, तिथून पुढे आम्ही लोकांना आमच्या बसने आणू.

मी त्या डेपोत ट्राम चालवते. डेपोच्या मागे कामगारांच्या खोल्या आहेत, त्यातल्या दोन माझ्या आणि ताईच्या. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, डेपोच्या वर्कशॉपमध्ये सीटची कव्हरं शिवायची. आई गेल्यावर तिने मला याच खोल्यांत वाढवलं. तिला मागणी घालायला आलेल्यांना तिने दारातूनच वाटेला लावलं, आणि मला मात्र सांगायची की मेलं कुणी आलंच नाही. आता तिची नजर अधू झाली होती. खोलीपासून वर्कशॉपपर्यंत भिंतीला हात लावून जायची, आणि टाके नुसत्या बोटांच्या अंदाजाने घालायची. दुसऱ्या घरी नेली असती तर तिला पाण्याचा नळही सापडला नसता. डेपो गेला तर ताई कुठे जाणार, एवढाच माझा प्रश्न होता. शहराच्या वाहतुकीचं काय व्हायचं ते होवो.

शेवटी नगरपालिकेने तोडगा काढला. एका मॅचला ट्राम सोडून बघायची. जाताना आणि येताना गाड्या भरलेल्या दिसल्या तर डेपो राहील, नाहीतर पाडतील. भरलेल्या म्हणजे कशा, हे आमचे वाहतूक अधिकारी ठरवणार होते. या साहेबांना आम्ही तराजू म्हणायचो. नव्या ट्रामच्या तळाशी वजन मोजणारं यंत्र आहे. त्याचा एक पडदा माझ्या केबिनमध्ये, दुसरा साहेबांच्या टेबलावर. साहेबांना माणूस बघण्यात रस नव्हता, त्यांना वजन दिसलं की पुरे.

यंत्र बरोबर आहे का, हे बघायला मॅचच्या आधी एक चाचणी घेतली. प्रत्येक सीटवर वाळूचं पोतं, मधल्या जागेतही पोती, आणि अशी भरलेली गाडी स्टेडियमपर्यंत न्यायची. पोती ताईनेच शिवली होती. तिला काय हुक्की आली कोण जाणे, तिने वर्कशॉपमधल्या पडीक कापडातून टोप्या आणि मफलर शिवून पोत्यांना चढवले. संघाचा रंगसुद्धा बरोबर. "बिचारे मॅचला चाललेत," म्हणाली, "तसेच कसे पाठवायचे?" एकेकाला थोपटून बसवलं तिने. वर्कशॉपवाल्यांनी हसून हसून डेपो डोक्यावर घेतला. मीही मागे कशाला राहते? स्टेडियमपाशी दारं उघडली आणि माइकवरून थाटात म्हटलं, "प्रवाशांनो, आज नुसतं बघून घ्या. मॅचच्या दिवशी मात्र नक्की या बरं का!"

नंतर पोती उसवली आणि वाळू ट्रामच्या टाकीत ओतली. बाहेरच्यांना हे माहीत नसतं, पण ट्राम वाळू बाळगते. उतारावर चाकं घसरायला लागली की एक खटका दाबायचा, मग चाकाखाली रुळावर वाळू सांडते आणि पकड येते. बाजारपेठेकडे जाताना मोठा उतार आहे. मॅचच्या दिवसापर्यंत ती सगळी वाळू आम्ही त्या रस्त्यावर सांडून मोकळे झालो होतो.

मॅच दुपारची होती. पहिल्या थांब्यावर लोक उभे होते, झुंबड नाही, पण बऱ्यापैकी. माझा जीव भांड्यात पडला. दारं उघडली, लोक चढले आणि दारातच थांबले.

"पुढे सरका, पुढे सरका," मी माइकवरून ओरडले. केबिनच्या बाजूला काच आहे, तिच्यातून आरशात मला मागचा सगळा डबा दिसतो. सीटच्या रांगाच्या रांगा रिकाम्या होत्या.

"कुठे सरकू?" त्या काचेपाशी उभी असलेली एक बाई म्हणाली. अंगात संघाची जर्सी, गालावर रंग. "जागा कुठे आहे?"

"अहो, अख्खी गाडी रिकामी आहे!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझी शंका आली. "रिकामी? दिसत नाही का तुम्हाला? सगळे बसलेत की." मग आवाज खाली आणून म्हणाली, "कुठल्या गावचे आहेत हो हे? एक अक्षर बोलत नाहीत."

एका गृहस्थांचा तोल गेला आणि ते रिकाम्या सीटकडे वळून "माफ करा हं" म्हणाले, हे मी आरशात पाहिलं. केबिनला मागून जाड फळीची आडभिंत आहे. वळून बघायचं तर दार उघडून बाहेर यावं लागतं, आणि चालत्या गाडीत ते करता येत नाही. खरं सांगायचं तर थांबलेल्या गाडीतही माझी हिंमत झाली नाही. वजनाच्या पडद्यावर गाडी पूर्ण भरल्याचा लाल दिवा लागला होता.

यंत्र बिघडलंय, मी स्वतःला बजावलं. पण उतारावर मी ब्रेक लावला. गाडी थांबेना. यंत्र खोटं बोलेल, ब्रेक कसा बोलेल? भरलेली गाडी कशी ओढते ते माझ्या हाताला ठाऊक आहे, आणि ही गाडी तशीच ओढत होती. मी वाळूचा खटका दाबला. टाकी रिकामी होती. उतार संपला तेव्हा कुठे गाडी आवरली.

वायरलेसवर साहेबांचा आवाज आला. "वा! गच्च! मी म्हणालोच होतो." म्हणाले काहीच नव्हते. "आता मधे थांबू नका, भरलेली गाडी थांबवायची नाही."

नियमच तसा आहे. मी पुढचे थांबे न थांबता ओलांडले. हात केलेले लोक, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, सगळे मागे गेले. वैतागून टॅक्सीला हात करताना काहीजण दिसले. मीच बोलावलेल्या त्या पोत्यांमुळे माणसं सोडून देत होते मी, आणि साहेब मला शाबासकी देत होते.

स्टेडियमपाशी मॅचवाले भराभर उतरले. जर्सीवाली बाई तर पळालीच. लाल दिवा तसाच. गाडी खाली दबलेली ती दबलेलीच. मी माइक हातात घेतला. "शेवटचा थांबा. सगळ्यांनी उतरून घ्या."

गाडी हळूहळू वर उचलली गेली. घाई न करता माणसं एकामागे एक उतरावीत, तशी. पडद्यावरचं वजन उतरत गेलं आणि दिवा विझला. फलाटावर कुणी नव्हतं. पलीकडे तिकीट तपासायचं फिरतं दार आहे, ते मात्र आपोआप फिरायला लागलं. जरा थांबायचं, परत फिरायचं. पहारेकरी आधी दाराच्या अंगावर ओरडला, मग बाजूला झाला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

त्यानंतरच्या फेऱ्यांना गाडी हलकी होती. जे मोजके चढले ते आरामात बसून गेले, पण होतेच किती? थांब्यांवर सोडलेली माणसं टॅक्सीने निघून गेली होती. "हे काय?" साहेब वायरलेसवर करवादले. "पहिली गाडी गच्च, मग ही कळा? येतानाची पण अशीच असेल तर माझ्या हातात काही नाही. उद्या सकाळी कागद वर जाईल."

मॅच सुटली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. लोकांचा लोंढा बाहेर पडला आणि समोरच्या गल्ल्यांत पांगला. जो तो कुठेतरी लांब लावलेल्या आपल्या गाडीकडे. फलाटावर हातावर मोजण्याइतकी डोकी. "रिकामी," वायरलेसवर साहेब म्हणाले. एवढाच शब्द.

भिंतीला हात लावून चालणारी ताई माझ्या डोळ्यांसमोर आली. ती भिंत पाडलेली दिसली. मी माइक चालू केला. "डेपोकडे जाणारी गाडी लागली आहे. या. सगळे या."

फिरतं दार उलटं फिरायला लागलं. फलाटावरची माणसं मागे सरकली, वाट देतात तशी. डब्यात कोरड्या वाळूचा वास आला. गाडी दबली, लाल दिवा लागला, आणि तरी ती दबतच राहिली. आम्ही पोती भरली होती त्याहून कितीतरी जास्त वजन चढत होतं. आत मॅच बघताना त्यांनी आणखी कुणाला सोबतीला घेतलं होतं, देव जाणे. दारं मिटेपर्यंत मी आरशात बघितलं नाही.

"शाब्बास!" साहेबांना आनंद आवरत नव्हता. "झालं काम! डेपो कुठे जात नाही आता. तुमचा सत्कार करायला हवा, बाई!"

मी रडले. भीती होतीच, पण आनंदच जास्त होता, खोटं कशाला बोलू? डेपोच्या थांब्याला ताई उभी होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. दार उघडताच कठडा चाचपत ती पुढच्या पायरीवर चढली.

"बारके! राहिलं गं आपलं घर!" लहानपणापासून ती मला बारकेच म्हणते. "अगंबाई, केवढी ही गर्दी!"

"ताई, खाली उतर," मी म्हटलं. "आत जाऊ नकोस."

"एक फेरी मारते की. माझ्या बहिणीने डेपो वाचवला, मी तिच्या गाडीत बसू नको?" मग तिचा आवाज दुसरीकडे वळला, लाडात आला. "सरका रे बाबांनो. हां, इथे? बसते बसते. किती ती माया!"

मी माइकवर शेवटचा थांबा सांगितला. सगळ्यांनी उतरून घ्या. एकदा सांगितलं, ओरडून सांगितलं. वजन तसूभर हललं नाही. त्यांना डेपोत उतरायचंच नव्हतं. डेपोत त्यांचं होतं काय? इथेच तर त्यांना उसवून रिकामं केलं होतं.

मी केबिनचं दार उघडायला गेले. ते डब्याच्या बाजूला उघडतं, आणि पलीकडून कुणी रेलून बसल्यासारखं घट्ट बसलं होतं. "ताई!" मी हाक मारली.

"अगं चल ना," आतून ताई म्हणाली. "खोळंबलेत सगळे."

गाडी चालवायच्या दांड्याला माझा हातही नव्हता, तरी गाडी सुटली. बघता बघता उताराला लागली. ब्रेकवर मी अंगाचा सगळा भार टाकला, पण माझा भार तो काय! वाटेत कधी ताईचं बोलणं ऐकू यायचं, कधी हसणं. लहान मुलांना विचारतात तसं ती कुणालातरी विचारत होती, "थंडी नाही ना वाजत?" आरशात सीट रिकाम्या होत्या. तिचीसुद्धा.

स्टेडियमपाशी गाडी आपसूक थांबली, दारं उघडली. मी माइकला हात लावला नाही. तरी वजन उतरायला लागलं, शून्यापर्यंत. केबिनचं दार सहज उघडलं. स्टेडियमचे दिवे मालवले होते, फाटकाला कुलूप होतं, फलाट झाडल्यासारखा स्वच्छ. मी ताईच्या नावाने हाका मारत स्टेडियमला पूर्ण फेरी मारली. पहारेकरी म्हणाला, बाई, कुणीच उतरलं नाही.

खोल्या आमच्याकडे राहिल्या. शहराला उत्तर मिळालं, मॅचवाले ट्रामने जातात. दर मॅचला पहिली गाडी मीच चालवते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. दारं उघडते, या म्हणते, आणि लाल दिवा लागेपर्यंत पडद्याकडे बघत राहते. पडदा एकूण वजन दाखवतो. त्यात ताईचं किती, ते दाखवत नाही.