सहाचे दहा झाले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना मैलाचा दगड आहे, निदान लोक मला तसं म्हणतात. बालाघाटहून वैनगंगा ओलांडून वारासिवनीकडे निघालात की मी रस्त्याच्या कडेला दिसेन. पण माझ्या अंगावर आता मैल नाहीत, किलोमीटर आहेत. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी माझी गत. शाळेतून परतताना तुम्ही माझ्यावर बसून नाना प्रश्न विचारता. उत्तर देता देता माझाच गोंधळ उडतो, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

तुम्ही विचारता, माझ्या डोक्यावर आधी कुठलं नाव होतं? नागपूर होतं. पाथरवटानं मला घडवलं तेव्हा आपल्या प्रांताची राजधानी तिथेच होती. त्याखाली त्यानं वारासिवनी असं कोरलं आणि खोल, ठसठशीत सहाचा आकडा काढला. मग छप्पन साली दिवाळीच्या सुमारास रस्त्यानं जाणारे लोक म्हणू लागले, आता आपली राजधानी भोपाळ. काही दिवसांनी एक माणूस आला आणि माझ्या डोक्यावरचं नागपूर चुन्यानं बुजवून गेला. मी तर जागचा हललोही नव्हतो! लोक मात्र सोयरिकीला, दवाखान्याला नागपूरलाच जात राहिले. मग खरं काय धरायचं? मला अजून कळलेलं नाही.

पूर्वी इथून काय काय जायचं, असंही तुम्ही विचारता. धानाच्या बैलगाड्या जायच्या, वारासिवनीच्या मिलकडे. गाडीवान माझ्या सावलीला टेकायचे. सावली ती केवढी, पण टेकायचे. बाजाराच्या दिवशी डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया जायच्या. मला ओलांडताना प्रत्येक जण माझ्याकडे एकदा बघायचाच. तेव्हा मला मोठा मान होता.

त्याच छप्पनच्या दसऱ्याला पांढरी लुगडी, पांढरी धोतरं नेसलेली माणसं दीक्षेसाठी नागपूरला निघाली होती. कोणी गाडीत, कोणी पायी. त्यात मागच्या गावची जिजाबाई होती आणि तिच्या बोटाला धरून तिची लहानगी कमला. दोघी माझ्यापाशी बसल्या.

"माय, याच्यावर काय लिवलं हाय वं?" पोरीनं विचारलं.

जिजाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण तिनं कमलाचं बोट धरलं आणि माझ्या आकड्यातून फिरवलं. "हा सहा. याच्या पुढंच तुह्या मामाच्या गावाची पांदण लागते."

पुढे कमला त्याच मामाची सून झाली. मग दर बाजाराला जिजाबाई लेकीला भेटायला येऊ लागली. प्रत्येक वेळी माझ्यापाशी थांबायची, सहावरून बोट फिरवायची आणि पांदणीला वळायची. मला वाटायचं, माझ्यावर माया आहे तिची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता आणि ती येताना एकेका दगडाचा आकडा चाचपत येत होती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दगडाची अक्कल ती किती असणार!

मग मैल गेले आणि किलोमीटर आले. एका दुपारी बाबूलाल नावाचा रंगारी सायकलवरून आला. या भागातला पहिला नंबर माझाच लागला. त्यानं माझा कोरलेला सहा सिमेंटनं भरला, वरून पांढरा रंग दिला आणि काळ्या रंगात दहा काढला. मी चक्रावलो. वारासिवनी तिथेच, मीही इथेच. मग रस्ता वाढला कुठे? बाबूलाल आपला डबा उचलून वारासिवनीला घरी निघून गेला.

दिवस कलायला लागला होता. जिजाबाई काठी टेकत आली. माझ्या मागचे दगड तिला नेहमीसारखे लागले होते. तिनं हात पुढे केला आणि ओल्या रंगातून बोटं फिरवली.

"अवं माय! हा तं गुळगुळीत हाय," ती पुटपुटली. "माह्या सहाचा दगड कुठं गेला? अजून पुढंच असंल."

आणि ती सरळ चालू लागली. पुढे नहर होता, म्हणजे शेतीच्या पाण्याचा कालवा, भरून वाहत होता. त्यावरच्या पुलाला कठडा नव्हता. मला ओरडावंसं वाटत होतं, बाई, मीच तो! पण ओरडणार कसा?

थोड्या वेळानं पांदणीतून कमला आली, कासावीस झालेली. कोणी दिसेना, म्हणून तिनं मलाच विचारलं, "काहून रे दगडा, माही माय आलती काय?"

इतकी वर्षं मी आकडे दाखवत आलो, पण इतक्या कळवळ्यानं मला कोणी काही विचारलं नव्हतं. कमला खाली वाकली. माझ्या काळ्या दहावर बोटांचे फराटे उमटले होते. त्यातलं एक बोट अर्धंच होतं. धान कापताना जिजाबाईचं ते बोट विळ्यानं गेलं होतं.

"अवं, माय तं पुढं गेली!" असं म्हणत कमला जी धावत सुटली!

त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते विचारू नका. अखेर दोघी परत येताना दिसल्या. जिजाबाईचं लुगडं चिखलानं भरलं होतं, काठी नहरात वाहून गेली होती. कमला रडत होती आणि रागेही भरत होती.

"तुले दिसत नाई, हे सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं एकटीले येऊ देलं असतं काय तुमी?" जिजाबाई म्हणाली. "दगड बदलला, का मीच बदलली, मले तं काईच समजून नाई राह्यलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला गावी पोचवायला कमला पुन्हा माझ्यापाशी आली, तेव्हा बाबूलाल माझ्यासमोर उकिडवा बसला होता. "अरे, किसने बिगाड दिया? कालच तं रंगवला होता मीनं!"

कमलानं त्याला सगळं सांगितलं. त्यानं ब्रश खाली ठेवला. जिजाबाईची काळी बोटं त्यानं पाहिली. मग हळू आवाजात म्हणाला, "बाई, सरकारी हिसाब हाय. दहा तं लिवनाच पडंल." आणि त्यानं पुन्हा दहा काढला. त्याचंही चुकलं असं मला म्हणवत नाही.

पुढच्या बाजाराला जिजाबाई नवी काठी टेकत आली. कोणाचंही न ऐकता आली असणार. माझ्या जवळ आल्यावर चाचपडत तिनं हात पुढे केला, पण तो माझ्यापर्यंत पोहोचलाच नाही. माझ्या पुढ्यात कमला उभी होती, तिनं तो मधेच धरला.

मित्रांनो, सहा खरे की दहा खरे, हे मला विचारू नका. पण तुम्हाला कोणी वाट विचारली तर नुसता आकडा सांगून मोकळे होऊ नका. विचारणाऱ्याला दिसतं का, ते आधी बघा आणि दिसत नसेल तर हात द्या. मी दगड आहे, मला ते जमलं नाही.