कापसाखालचं पाणी

दुपारी कपाशीची पानं मान टाकायची तेव्हा सबरीनचाही धीर खचायचा. संध्याकाळी गार वारा सुटला की पानं जराशी सावरायची आणि तीही सावरायची. पण आता संध्याकाळ झाली तरी पानं तशीच लोंबत होती.

"तहानलीये गं ती," तिचे सासरे, हाजी मेतवल्ली, खाटेवरूनच म्हणाले होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते शेतावर जात नसत, पण शेतीचा हुकूम अजून त्यांचाच. "ऊन बघ कसलं आहे. कालव्याची पाळी आली की भरपूर पाणी सोड."

सबरीनने सोडलं. तान्ह्या लेकीला, रोदैनाला, तुतीखाली खजुरीच्या पेटीत निजवून, पंपाची नळी ओढत तिने सरी न् सरी भिजवली. आणि दुसऱ्या दिवशी खालची पानं पिवळी पडली. पाती, कपाशीच्या कळ्या, गळायला लागली. फुलं होण्याआधीच, हिरवी, बोटाच्या पेरांएवढी पाती सरीतल्या चिखलात पडलेली पाहून तिला रडूच कोसळलं. पाणी पाजूनही जी तहान वाढते, ती कसली तहान?

हा कापूस विकायचा असता तर तिने इतका जीव टांगला नसता. याची पहिली वेचणी हनानची होती. हनान तिची धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती चालायला शिकत होती आणि सबरीनच्या कडेवरच मोठी झाली. लग्नाच्या आधी नवरीच्या दारात गाद्या भरायला पिंजारी बसतो, सगळी गल्ली जमते, कापूस पांढराशुभ्र उडत राहतो, बायका टाळ्या पिटत गाणी म्हणतात. सबरीनच्या लग्नात यातलं काही झालं नव्हतं. तिच्या गाद्या स्पंजच्या, दुकानातून प्लास्टिकात गुंडाळून आलेल्या. थोरली जाऊ वहीबा, म्हणजे उम्म हामिद, हामिदची आई, सगळ्यांसमोर गादी दाबून म्हणाली होती, "वा! दाबली की लगेच वर येते. सूनबाई अशी उसळून नको यायला म्हणजे झालं." हसण्याचा तो आवाज सबरीनच्या कानात अजून होता. म्हणून लिबियात बांधकामावर गेलेल्या नवऱ्याकडून, रम्झीकडून, तिने फोनवर कबूल करून घेतलं होतं: या वर्षी आपल्या तुकड्यात कपाशी, आणि पहिला कापूस माझ्या बहिणीचा.

आता हनानचा रोज फोन. "ताई, सासूबाई विचारतायत. शुक्रवारपर्यंत सांगायचंय, कापूस की स्पंज. पिंजाऱ्याला आत्ताच सांगून ठेवावं लागतं म्हणे."

"सांगते गं. शुक्रवार अजून यायचाय."

"ताई, नसेल तर राहू दे. मला स्पंज चालतो."

"तुला चालत असेल. मला नाही चालत," म्हणून तिने फोन ठेवला होता.

आठवडा असाच गेल्यावर एका सकाळी तिने कुदळ उचलली. बांधाजवळची, सगळ्यात मरगळलेली ओळ धरून खणायला लागली. वरची माती काळी, ओली, कुदळीला अशी चिकटलेली की दर घावाला पायाने खरवडून काढावी लागे. वीतभर खाली गेल्यावर रंग बदलला. राखाडी, निळसर, शिळ्या माशाच्या पोटासारखा. त्यात मुळं जिथून गेली होती तिथे तिथे गंजाचे तांबडे धागे. आणि वास. नासक्या अंड्याचा वास असा नाकात घुसला की पेटीतली रोदैनाही शिंकली. आणखी एक घाव, आणि खड्ड्यात खालून पाणी येऊन ठाकलं. गुपचूप, न विचारता.

तिने एक झाड उपटलं. मुळं काळी, बुळबुळीत; बोटात धरली तर साल मोज्यासारखी निसटून आली.

निळ्या मातीचा एक गोळा वळून तिने पेटीच्या कडेवर ठेवला आणि रोदैनाला पाजायला बसली. बाळ ओढत होतं, मध्येच थांबत होतं, नाक दबलं की धडपडत होतं. सबरीनने बोटाने छाती जराशी मागे सारून त्याच्या नाकाला वाट करून दिली. तिची नजर गोळ्यावर गेली. तेवढ्या वेळात गोळ्याची वरची बाजू निळी राहिली नव्हती. तिच्यावर भाकरीच्या पापुद्र्यासारखा तपकिरी रंग चढत होता. वारा लागला होता त्या मातीला.

अरे देवा, तिला वाटलं. तहान कुठली? ही कपाशी गुदमरतेय. आणि मी वरून आणखी पाणी ओतलं.

पण पाणी जात का नाहीये? जायला तर हवं होतं. शेताखालून सरकारने घातलेले भोकाभोकांचे नळ होते. जास्तीचं पाणी त्यातून सिमेंटच्या गोल हौदात उतरायचं आणि तिथून मोठ्या नळाने गावाबाहेरच्या नाल्यात. तो हौद तिच्या आणि वहीबाच्या शेताच्या मधल्या बांधावर होता. वहीबाच्या शेतात भात. हिरवागार, घोट्याएवढ्या पाण्यात उभा. कालव्याला आठवडाभर पाणी नाही, आणि हिच्या भातातलं पाणी बोटभरही उतरलेलं नाही!

सबरीन हौदापाशी गेली. झाकण सरकवलं. पाणी काठोकाठ, निपचित. झग्याची बाही खांद्यापर्यंत वर सारून ती पालथी पडली आणि तिने हात आत घातला. मोठ्या नळाच्या तोंडाशी काहीतरी मऊ, फुगलेलं, घट्ट कोंबलेलं लागलं. तिने एक कोपरा ओढून वर आणला. चिखलातूनही ओळखू येत होतं: गुलाबी साटिन, त्यावर टाचलेला गुलाब. वहीबाच्या लग्नातली रजाई. सगळ्या गल्लीला हात लावायला लावून दाखवलेली.

"सोड! हात लावू नकोस त्याला!"

वहीबा भातातूनच धावत आली, चिखल उडवत, धाप लागलेली.

"तुम्ही माझं नरडं दाबलंत, उम्म हामिद," सबरीन ओरडली. "माझी कपाशी खालून कुजतेय. आणि तुम्ही इथे रजाई पांघरून बसलायत!"

"सगळेच बुजवतात भाताच्या दिवसांत. तुझ्या बापाच्या गावी नाही बुजवत?"

"बुजवतात. पण शेजारी कपाशी असली तर विचारतात."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"मग?" वहीबा कमरेवर हात ठेवून उभी राहिली, पण तिचे डोळे हौदावरून हटत नव्हते. "ऐक. ते काढलंस तर माझं पाणी संध्याकाळपर्यंत संपेल. कालवा कधी येईल अल्लाला ठाऊक. आणि पाणी उतरलं की खालून मीठ फुटतं, माहितेय ना तुला? मागे एकदा भात सुकला तेव्हा जमीन पिठासारखी पांढरी झाली होती. दोन हंगाम गवतही उगवलं नाही. वर्षाचा तांदूळ आहे हा, सबरीन. सहा तोंडं आहेत माझ्या घरात."

"आणि माझ्याकडे एक बहीण आहे."

पेटीतून रोदैनाने हाक दिल्यासारखा आवाज काढला. सबरीनच्या मुठीत अजून तो साटिनचा कोपरा होता. नुसतं ओढायचं होतं. ओढलं की कपाशी जगेल आणि भात मरेल; सोडलं की उलट. माती तर दोघींच्या खालून एकच होती. बांध काय तो वरवरचा.

ती पुन्हा पालथी झाली. वहीबा ओरडली, पण तिने ओढलं नाही. हात हौदाच्या भिंतीवरून फिरवत राहिली. एक तोंड तिच्या बाजूचं, बारकं, मनगटाएवढं. पलीकडे, वहीबाच्या बाजूला, तेवढंच दुसरं.

"उम्म हामिद," ती तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "तुमच्या भाताचं पाणी कुठून येतं हौदात?"

"म्हणजे? तिकडून."

"मग तिकडचं तोंड बुजवा ना. मोठं कशाला बुजवलंत? घरातलं एक पोर रडतं म्हणून सगळ्यांच्या तोंडात बोळा कोंबतात का?"

"माझा सासरा मोठंच बुजवायचा."

"तुमच्या सासऱ्याच्या सगळ्या शेतात भातच असायचा. आणि तो माझाही सासराच."

वहीबाला हसू आलं की रडू ते कळेना. ती शेजारी पालथी झाली, तिचा लांब हात आत गेला. "सापडलं. बारीक आहे गं. ही एवढी रजाई यात कशी जाणार?"

"फाडावी लागेल."

वहीबाने साटिनच्या कोपऱ्यावरून एकदा हात फिरवला. मग तिने रजाई वर ओढली. पाणी गळगळ आवाज करत मोठ्या नळात घुसलं, आणि ती घाईने दातांनी शिवण उसवायला लागली. साटिन टरकलं. आतला कापूस, एके काळी पांढरा, आता करडा, गंजाचे डाग पडलेला.

"पेंढा टिकेना, वाहून जायचा," ती खालमानेने म्हणाली. "कापूस फुगतो, धरून ठेवतो. आधी गादी घातली, मग ही. घरात आता स्पंजच आहे माझ्याकडे." मग एक भिवई उचलून, "हसायचं असेल तर हस. तुझ्या लग्नातल्या हसण्याचं ऋण आहे माझ्यावर."

सबरीन हसली नाही. म्हणाली, "दाबली की वर येते ना?"

"कुठली! मी झोपले की खालीच बसते."

तेव्हा मात्र दोघीही हसल्या, हात कोपरापर्यंत घाण पाण्यात, अर्धी रजाई त्या बारक्या तोंडात कोंबत.

पण हसू फार टिकलं नाही. सबरीन रोज सकाळी हौदाच्या काठावर कान देऊन बसायची. पाणी पडण्याचा आवाज आला की मग श्वास सोडायची, जशी ती झोपलेल्या रोदैनाच्या नाकाशी बोट धरून सोडायची. वहीबाही यायची, भातातलं पाणी वितीने मोजून. "माझं टिकलंय. तुझं उतरलं?" "बघते." खणलेल्या खड्ड्यातलं पाणी खाली खाली जात होतं, वास विरत होता, पण पानं उठत नव्हती. सखल कोपरा तर गेलाच. तिथली झाडं काटक्या झाली. हाजी मेतवल्ली खाटेवरून विचारत, "पाणी दिलंस का?" आणि ती खोटंच "हो" म्हणे.

शुक्रवारी नमाजाची हाक व्हायच्या आधी तिने बांधापासून दूरची एक ओळ निवडली. उपटायची हिंमत होईना. गुडघ्यांवर बसून बोटांनीच माती बाजूला केली. माती आता बोटांना सोडत होती, खडा खडा होऊन सुटत होती. वाफसा धरू पाहत होती. काळ्या मुळांच्या गुंत्यात काहीच दिसेना. आणखी उकरलं. मग बाजूने फुटलेलं नव्या मुळाचं एक टोक दिसलं, दुधाच्या दातासारखं पांढरं. त्याच्याजवळ दुसरं.

"काय आहे?" बांधावरून वहीबा. "अगं बोल की! जीव जातोय माझा."

सबरीनने मातीने माखलेलं बोट वर करून तिला थांबवलं आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

"हनान? सासूबाईंना सांग. एक गादी कापसाची." तिने सखल कोपऱ्याकडे पाहिलं. "उशा स्पंजच्या घेऊ गं. पण गादी कापसाची. पिंजाऱ्याला सांगून ठेव."

आणि उकरलेली माती तिने त्या पांढऱ्या टोकांवर परत लोटली, अगदी सैल, दाबली नाही.