दात खाणारी भिंत

"देवाने माणसाला दोन डोळे बाहेर दिले ते बघायला, आणि तिसरा आत दिला तो ओळखायला! बाहेरचे दोन फसतील. आतला कधीही फसत नाही!"

सोसायटीच्या सभेत टेबलावर मूठ आपटून सेक्रेटरींनी हे वाक्य उच्चारलं, टाळ्या घेतल्या, आणि सभा संपल्यावर खजिनदारांच्या चपला पायात घालून ते घरी गेले. चपला चांगल्याच लहान होत्या. तिसऱ्या डोळ्याला ते जिना चढून होईपर्यंत कळलं नाही.

सेक्रेटरींना सगळे एक्सरेकाका म्हणत. त्यांची उभी हयात इमारतींच्या बांधकामावर देखरेख करण्यात गेली होती. तरुणपणी एकदा परांचीवर चढलेल्या गवंड्यांना त्यांनी एकाएकी ओरडून खाली बोलावलं होतं. का, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पोटात गोळा आला होता, एवढंच. शेवटचा गवंडी जमिनीला टेकला आणि परांची कडाडकन खाली आली. त्या दिवसापासून काकांचा आपल्या पोटावर विश्वास बसला, आणि तो योग्यच होता. घोटाळा इतकाच झाला, की विटा ओळखणारं पोट माणसंही ओळखतं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. नवा भाडेकरू, भाचीचा होणारा नवरा, कलिंगड, सगळं एका नजरेत!

त्या वर्षी थंडी सरता सरता इमारतीत दोन नवी माणसं आली.

पहिले दिवेवाले. तळमजल्यावर त्यांनी शोभेच्या दिव्यांचं दुकान थाटलं. पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या दातांनी ते असे हसत, की समोरच्याला आपलंच काही शुभकार्य आहे असं वाटावं. "काका, आत जरा सजावटीचं काम काढतोय. बघून घेता का एकदा?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा काकांनी हात झटकला. "करा हो! तुमच्यासारख्या निर्मळ माणसाच्या मागे काय बघत बसायचं?" जन्मभर ठोकून वाजवल्याशिवाय एक वीट न घेतलेला हा माणूस त्या दुकानाच्या पडद्यामागे डोकावलासुद्धा नाही.

दुसरे कवळीवाले. दुकानाच्या बरोबर वरच्या खोल्यांत ते म्हाताऱ्या आईला घेऊन राहायला आले. दंतवैद्यांकडून येणाऱ्या मापांवर ते घरीच प्लास्टरचे साचे ओतून कवळ्या बनवून देत. माणूस वाळका, अबोल. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं सोडून तोंडाकडे बघायचा. पहिल्याच भेटीत काकांच्या मानेवरचे केस उभे राहिले.

"हा माणूस माझे दात मोजत होता," घरी येऊन ते काकूंना म्हणाले.

"मग सांगायचं ना खरा आकडा," काकू म्हणाल्या. "त्याचा तरी वेळ वाचला असता."

पण थोड्याच दिवसांत हसण्यावारी नेण्यासारखं काही राहिलं नाही. पहिल्या मजल्याच्या जिन्यावर काहीतरी बिघडलं होतं. भर दुपारी, उजेड लख्ख असताना, तिथे पाय ठेवला की अंगावर काटा येई. पायऱ्यांवर पिठासारखी पांढरी भुकटी दिसायची. पुसली की दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तिच्यावर पावलं उमटलेली. कवळीवाल्यांचं दार कडी लावलेलं असलं तरी आपोआप किलकिलं व्हायचं आणि तसंच राहायचं, आतून कोणीतरी कानोसा घेत असल्यासारखं. आणि सगळं शांत झालं, की भिंतीतून आवाज यायचा. झोपेत कोणी दात खावेत तसा. कर्र. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, जरा खालून, कर्र.

"दात त्यांच्याकडेच आहेत," खजिनदार हळूच म्हणाले. "तेच खात असणार."

"कोणाचे असतात हो ते दात?" दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं. त्या दिवसापासून कवळीवाल्यांशी बोलताना माणसं तोंडावर रुमाल धरू लागली.

काका तर त्या जिन्यावरून श्वास रोखून जात. पोटातला गोळा आता खराखुरा होता, थंड आणि जड. शेवटी त्यांनी जाहीर केलं, "त्या माणसात काहीतरी वाईट आहे. तो आल्यापासून ही इमारत आजारी आहे. रविवारी सभा. त्याला जागा सोडायला सांगायची!"

त्या संध्याकाळी काकूंनी चहाचा कप त्यांच्यासमोर जरा जोरातच ठेवला. काकू एका मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागात परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. आरडाओरडा करणाऱ्या माणसांची त्यांना सवय होती, आणि काकांनाही त्या त्यातच धरत.

"त्याची आई मांडीचं हाड मोडून अंथरुणात आहे. तिला घेऊन तो कुठे जाईल? दातांचा धंदा म्हटलं की लोक दारातूनच वाटेला लावतात. किती घरं फिरून तो इथे आलाय, विचारलंत कधी?"

"अगं, पण माझ्या पोटात गोळा येतो! तुला माहितीये, तो उगाच येत नाही!"

"नाहीच येत. मीसुद्धा दारातून आत आलेल्या माणसाकडे बघून ओळखायची, की ह्याचं काही खरं नाही. पुष्कळदा खरं निघायचं. पण म्हणून मी बघितल्या बघितल्या सुरी चालवायला सांगत नव्हते! नाडी बघायची, पोट दाबायची, विचारायची. एकदा एक माणूस डुलत आला. आम्ही सगळ्यांनी ठरवलं, प्यायलाय. बाकावर बसवून ठेवला. त्याच्या डोक्यात रक्त साकळलं होतं हो! काहीतरी बिनसलंय, हे आमच्या पोटाने बरोबर सांगितलं होतं. काय बिनसलंय, ते आम्ही आमच्या मनाने घुसडलं."

"म्हणजे माझी भीती खोटी?"

"भीती खरी असेल. आरोपी खोटा असू शकतो. जा, आत जाऊन बघून तरी या. त्या घरात एकदा तरी पाऊल टाकलंत का?"

काकांनी टाकलं नव्हतं. पण 'बघून येतो' म्हणण्यात सेक्रेटरीपदाला कमीपणा होता, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी 'बजावून येतो' असं म्हणून ते निघाले.

पहिल्या मजल्यावर आले, तर दार उघडंच होतं. त्यांनी हाक मारण्याआधीच ते आणखी थोडं उघडलं. दारामागे कोणीही नव्हतं.

"या काका," आतून आवाज आला.

खोलीत मेणाचा आणि ओल्या चुन्यासारखा वास होता. खिडकीजवळच्या टेबलाशी कवळीवाले पांढऱ्या हातांनी बसले होते. कोपऱ्यातल्या खाटेवर त्यांची आई छताकडे टक लावून पडली होती. आणि भिंतीवरच्या लांब फळीवर कवळ्यांची रांग होती. ओठ नाहीत, गाल नाहीत, नुसती हसणी. सगळ्यांची तोंडं काकांकडे.

"मी स्पष्टच सांगायला आलोय," काका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"सांगा ना. बसा."

तेवढ्यात रस्त्यावरून एक अवजड ट्रक गेला. फळीवरच्या साऱ्या कवळ्या एकदम कडकडल्या, थंडी वाजल्यासारख्या. ट्रक गेला. कवळ्या थांबल्या. पण टोकाची एक, कोणीही हात न लावता, हळूच पुढे सरकली आणि फळीच्या कडेला येऊन थबकली.



"चालतात त्या," खाटेवरून म्हातारी शांतपणे म्हणाली. "सकाळी भिंतीला टेकवून ठेवतो हा. संध्याकाळी कडेला येतात. जायचं असेल कुठेतरी."

"आई, गप्प बस ना गं," कवळीवाले ओशाळले. "काका, कोणाला सांगू नका. मला वाटलं, मलाच भास होतात. आधीच लोक माझ्याशी रुमाल धरून बोलतात."

काका पळूनच जाणार होते. पण त्यांचे पाय, विटा-सिमेंटमध्ये म्हातारे झालेले ते पाय, दाराकडे जायचे सोडून फळीकडे गेले. फळी भिंतीत पक्की होती. तरी ती पुढच्या बाजूला कलली होती, म्हणजे भिंतच कलली होती. फळीमागून, छतापासून खाटेपर्यंत, भिंतीत एक तिरकी भेग उतरली होती, आणि तिच्यावर जागोजागी पांढऱ्या प्लास्टरच्या पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टी मधोमध तडकलेली.

"ह्या कोणी लावल्या?"

"मीच. भेगेतून आईच्या अंगावर भुकटी पडते. जिन्यावरही ह्याच भिंतीची पडत असते. दात ओतायचं प्लास्टर आहे, चांगलं कडक होतं. पण लावलं की फुटतं, लावलं की फुटतं. माझा हात बिघडला की काय, कळत नाही."

हात बिघडला नव्हता. जन्मभर काकांनी हेच केलं होतं: भिंतीचा संशय आला, की भेगेवर प्लास्टरची पट्टी मारायची आणि वाट बघायची. पट्टी शाबूत राहिली तर भिंत निजलेली आहे. फुटली तर भिंत चालते आहे!

त्याच वेळी पायाखालून, अगदी जवळून, आवाज आला. कर्र.

आणि काकांनी तो गोळा ओळखला. परांचीच्या दिवशीचाच होता तो! त्यांच्या कानांनी ऐकलं होतं, पायांनी कललेली पायरी जोखली होती, डोळ्यांनी वाकडी झालेली चौकट टिपली होती, आणि सगळ्यांनी मिळून पोटाला निरोप धाडला होता. निरोप खरा होता! फक्त त्यावर ह्या बिचाऱ्याचं नाव काकांनी आपल्या हाताने घातलं होतं!

"आईंना उचला!" काका ओरडले. "गादीसकट! आत्ताच्या आत्ता!"

म्हातारीला दोघांनी मिळून खाली आणलं. जिन्यातून काकांनी अशी बोंब ठोकली, की ज्यांना वर्षानुवर्षं कमी ऐकू येत होतं तेही खाली आले. मग काका दुकानात शिरले आणि त्यांनी मागचा पडदा बाजूला सारला.

आत वारा नव्हता, पंखा नव्हता. तरी छताला टांगलेले शेकडो लोलक संथपणे झुलत होते आणि एकमेकांवर आपटून किणकिणत होते. दोन खोल्यांच्या मध्ये जी जाड भिंत होती, जिच्या खांद्यावर वरची सगळी बिऱ्हाडं उभी होती, ती जागेवर नव्हती.

"अहो, भिंत कुठाय?"

"काढली!" दिवेवाले हसून म्हणाले. "मोकळं वाटतं ना?"

काकांनी त्यांना दंडाला धरून रस्त्यावर ओढलं.

सगळे समोरच्या फूटपाथवर उभे राहिले. काकू सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून आल्या. दुपार इतकी शांत होती, की खजिनदार म्हणाले, "काही होत तर नाहीये." आणि इमारतीने एकदाच, लांबलचक, दात खाल्ले. पहिल्या मजल्याची खिडकी मुडपली. कवळीवाल्यांच्या खोलीची जमीन खालच्या दुकानात बसली. सगळे लोलक एका दमात फुटले. पांढऱ्या धुळीतून एक कवळी घरंगळत बाहेर आली आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. ती हसत होती, कारण तिला दुसरं काही येतच नव्हतं.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

"पण हा माणूस," धूळ झटकत काका दिवेवाल्यांकडे बोट करून म्हणाले, "किती निर्मळ हसायचा हो!"

"ते हसू माझ्याच हातचं आहे, काका," कवळीवाले संकोचून म्हणाले. "वरचं, खालचं, दोन्ही."

दुसऱ्या दिवशी टेकू लागले. दिवेवाल्यांना ती भिंत आणि वरची जमीन पुन्हा बांधून द्यावी लागली, आणि ह्या खेपेला काका प्रत्येक वीट ठोकून बघत होते. तोवर सगळी बिऱ्हाडं जवळच्या शाळेच्या वर्गांत राहिली. रविवारची सभा तिथेच भरली, लहान मुलांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून.

काका उभे राहिले. टेबल असूनही मूठ आपटली नाही.

"मी ज्याला घालवायला निघालो होतो, त्याच्या भिंतीने आपल्याला वाचवलं. ज्याला मी डोळे मिटून आत घेतला, त्याने आपल्याला मारलंच होतं. पोटाचं ऐकायचं मी सोडणार नाही. पण विटांमध्ये मी जन्म काढला, माणसांमध्ये नाही. तिथे माझं पोट अजून पहिलीत आहे!" ते बाकावर बसले. ते त्यांना शोभूनही दिसलं.

तर मंडळी, आतला आवाज आला, तर त्याला गप्प करू नका. तो पहारेकरी आहे. मात्र पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली म्हणून रस्त्यात दिसेल त्याला चोर ठरवू नका. उठा, दिवा घ्या, दार उघडून बघा. ज्या कामात आपला जन्म गेला तिथे पहिली नजर बहुधा खरी ठरते. जिथे गेला नाही, तिथे पहिली नजर म्हणजे बहुतेक वेळा आपलाच जुना ग्रह, नवे कपडे घालून आलेला! कोणाचं घर, कोणाची नोकरी, कोणाची अब्रू त्याच्या हवाली करण्याआधी एकदा आत जाऊन बसा, विचारा, आणि भेगेवर पट्टी मारून थोडं थांबा!

सभा उठल्यावर काका थेट वर्गाच्या कोपऱ्यात गेले. तिथे कवळीवाल्यांनी आपलं काम पुन्हा मांडलं होतं. काकांनी त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मागे सगळी सोसायटी गहिवरून उभी होती.

"'माफ केलं' एवढं एकदा तोंडाने म्हणा!" काका म्हणाले. "तुमच्यासाठी मी काय करू? काहीही सांगा!"

कवळीवाल्यांनी वाटीत नुकत्याच कालवलेल्या प्लास्टरकडे पाहिलं.

"हात सोडता का, काका?" ते म्हणाले. "प्लास्टर घट्ट होतंय."