कललेल्या पळ्या

डिझायनरने टेबलावर एकेक कागद मांडला. नांगर, सुकाणूचं चाक, निळ्या लाटा. काकांनी तिन्ही कागद नीट जुळवले आणि परत तिच्याकडे सरकवले.

"छान आहेत."

हे 'छान' तिने तिसऱ्यांदा ऐकलं. आता तिला रागापेक्षा कुतूहलच जास्त छळत होतं. तीस वर्षं जहाजावर आचारी असलेला माणूस हॉटेल काढतो, ते जहाजासारखंच सजवायचं असा त्याची बायको हट्ट धरते, आणि समुद्र दिसला की या गृहस्थांचं तोंड कडू होतं! काकू चहा आणायला आत गेल्या तसं तिने विचारलंच.

"काका, तुम्हाला समुद्र आवडत नाही का हो?"

काकांनी आतल्या दाराकडे पाहिलं.

"पाहिलाय कुणी! भटारखाना जहाजाच्या पोटात. एक खिडकी नाही."

"पण काकू तर सांगत होत्या, तुमच्या पत्रांत सूर्यास्त असायचे, डॉल्फिन असायचे."

"खलाशी जेवायला आले की सांगायचे, तेच लिहायचो. घरी घोर नको." ते ओशाळले. "आता त्याच थापा भिंतीवर रंगवायच्या? आणि खरं बोलावं, तर तिच्या तीस वर्षांच्या आनंदावर पाणी."

"मग तुम्हाला दिसायचं तरी काय?"

"आकड्यांना टांगलेल्या पळ्या. त्या किती कलतात त्यावरून वादळ केवढं ते कळायचं. फार कलल्या की मी पातेली दोरीने बांधायचो."

तिची पेन्सिल केव्हाच चालू झाली होती. एका दांडीला पाच पळ्या, पाचही एकाच बाजूला कललेल्या.

"अगदी अश्शाच!" काका ओरडले.

तेवढ्यात दाराआड थांबलेल्या काकू चहा घेऊन आल्या. काकांनी घाईघाईने कागदावर हात ठेवला, पण काकूंनी कागद हाताखालून ओढून घेतला आणि बराच वेळ न्याहाळला.

"हे तर तुमचं अक्षर."

"अक्षर?"

"समुद्र अगदी शांत आहे, असं लिहायचात. आणि अक्षरं या पळ्यांसारखी एका बाजूला कललेली."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"एवढं जीव लावून लिहायचात. तुमचं मन मोडवत नव्हतं." त्यांनी कागद डिझायनरच्या हाती दिला. "हाच घे, बाई."

मग चहा ओतता ओतता म्हणाल्या, "डॉल्फिन मात्र मला खरे वाटले होते हं."