लिफ्टमध्ये अर्धं-अर्धं

वकीलबाईंच्या धंद्यात एक पथ्य फार कडक. दोन देशांतल्या कंपन्या भांडल्या, की कोर्टाऐवजी एक लवाद नेमतात, आणि समोरचा वकील ऐकत नसताना त्या लवादाशी अवाक्षर बोलायचं नाही. नमस्कार चालतो, तोही आखडता.

त्यामुळे शेवटच्या युक्तिवादाच्या सकाळी, वयस्कर लवादसाहेब आणि बाई दोघंच आत असताना लिफ्ट मध्येच अडकली, तेव्हा बाईंनी घंटा वाजवली, साहेबांनीही वाजवली, आणि दोघं मूग गिळून समोरासमोर उभे राहिले.

जहाजावरून उतरवताना क्रेन कोणी वाकवली, असा तो खटला. बाईंनी ऐन उमेदीची वर्षं त्यात घातली होती. घरी त्यांची लेकसुद्धा खेळण्यातली क्रेन वाकवून "मी नाही" म्हणायला शिकली होती. आता एक शब्द वावगा गेला, की समोरचे वकील लवाद बदलून मागणार आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

समोरचे म्हणजे हरकतराव. हे नाव बाईंच्या ऑफिसनं ठेवलेलं. या गृहस्थांनी सुनावणीत खिडकी उघडण्याला लेखी हरकत घेतली होती, आणि नंतर ती बंद करण्यालाही.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी टाय सैल केला, कपाळ पुसलं. बाईंच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. पण लवादानं एकाच पक्षाचं पाणी प्यायचं कसं? त्यांनी वर बसलेल्या हरकतरावांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि परवानगी मागितली.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज झाला.

"बाटली सीलबंद आहे?"

"आहे."

"मग द्या. पण अर्धं पाणी माझ्या वतीनं."

साहेबांनी अर्धी बाटली संपवली, फोनकडे बघून मान लववली आणि उरलेली संपवली. त्यांच्या जिवात जीव आला. लिफ्ट हलेपर्यंत हरकतराव सासऱ्यांच्या गुडघ्याची सविस्तर हकिगत सांगत राहिले. खटल्याशी संबंध नसलेला तेवढाच विषय त्यांच्याकडे होता.

सुनावणी सुरू होताच हरकतराव मागणी घेऊन उठले. बाईंना साहेबांचा सहवास मिळाला, तेवढाच आपल्यालाही हवा, आणि लिफ्टमध्येच. नाही म्हणावं, तर त्यांना लवाद बदलायला आयतं कारण मिळणार. हो म्हणावं, तर साहेबांचा चेहरा आत्ताच पुन्हा पांढरा पडलेला.

हरकतरावांनीही तो चेहरा पाहिला असावा.

"लिफ्ट याच मजल्यावर," ते खाली बघत म्हणाले, "आणि दारात खुर्ची लावून."

तसंच झालं. दोघं लिफ्टमध्ये गप्प उभे राहिले, बाई बाहेर, पथ्य म्हणून फोन कानाला लावून. थोड्या वेळानं फोनमधून हरकतरावांचा आवाज आला, "बाई, पाणी आहे का हो? मलासुद्धा लिफ्टमध्ये जरा कसंतरी होतं."

बाईंनी खुर्चीवरून हात लांबवून दुसरी बाटली दिली. अर्धीच; उरलेली अर्धी त्यांच्या वतीनं साहेबांनी मघाशीच संपवली होती.

मग सगळे जागेवर बसले आणि बाईंनी युक्तिवाद सुरू केला. पहिल्याच वाक्याला हरकत आली. बाईंना हायसं वाटलं.