डावा गाल

आत्या उद्या सकाळच्या गाडीने आपल्या घरी परतणार होती, आणि भाच्याने काढायला घेतलेल्या चित्रात तिचा डावा गाल अजून कोराच होता.

भाचा चित्रकार. जुन्या थोर चित्रकारांवर त्याची देवासारखी श्रद्धा. त्यांच्यासारखंच एका खिडकीच्या उजेडात, डोळ्यांना दिसेल तेवढंच रंगवायचं. फोटो म्हणजे पाप. त्यामुळे तीन आठवड्यांत आत्याचं बाकी सगळं झालं होतं आणि तिची पाठ धरली होती.

“अरे, देवाने मला अख्खी नऊ महिन्यांत घडवली. तुझं एका गालावर किती दिवस?”

“ओठ हलवू नकोस, आत्या.”

“ओठ मागच्या सोमवारीच झाले की!”

तेवढ्यात तिच्या गालावर लाली चढली. आतून दिवा लावावा तशी. हीच ती, जुन्या चित्रकारांची लाली! भराभर अर्धा गाल झाला, आणि लाली गेली.

“आत्या, आत्ता मनात काय होतं?”

“गाडीत खिडकीची जागा मिळेल का, ते.”

“तेच पुन्हा आण!”

आत्याने डोळे मिटून जीव तोडून खिडकीची जागा आठवली. गाल पिठासारखाच पांढरा.

चहा घेऊन आलेल्या बायकोने बाहेर डोकावून पाहिलं. “अहो, समोरच्या वहिनींनी लाल रजई वाळत घातली होती. मघाशी ऊन तिच्यावर आलं, आणि तिचाच रंग इकडे पडला. आत्ताच काढली त्यांनी.”

चित्रकाराचा चेहरा पडला. रजई! पण दिसलं होतं ते खरं. तो खिडकीतून वाकला.

“वहिनी, ती रजई जरा पुन्हा धरता का?”

“अहो, वाळली ती!”

“पाचच मिनिटं!”

“खुर्ची घेऊन बसा हो,” आत्या आतून ओरडली. “याची पाच मिनिटं मला विचारा!”

दीड तासाने गाल पुरा झाला. आत्या कंबर चोळत चित्रासमोर आली आणि कंबर विसरून गालाजवळ वाकली.

“तुझे आतोबा मला बघायला आले होते ना,” ती हळूच म्हणाली, “तेव्हा अशीच दिसले असेन मी.” मग दोघांकडे डोळे वटारून, “रजईचं कुठे बोलायचं नाही. कुणी विचारलं तर सांगा, बाईच लाजरी होती.”

“अहो,” समोरून हाक आली, “रजई खाली ठेवू का? हात गळाले माझे!”